मळीतले अदृश्य कामकरी

पेट्रोल पंपावर बाबांच्या गाडीत पडतं ते नुसतं पेट्रोल नसतं बरं का! त्यात इथेनॉल, म्हणजेच अल्कोहोल मिसळलेलं असतं. २०२५ साली हे प्रमाण २० टक्क्यांवर पोचलं. म्हणजे पाच लिटरमागे एक लिटर!

हे येतं कुठून? चला साखर कारखान्यात. गव्हाणीत ऊस पडतो, रस निघतो, तो आटवून साखरेचे दाणे वेगळे काढतात. पण सगळी साखर काही दाणे धरत नाही. शेवटी उरते ती काळी, दाट, चिकट मळी. दिसायला अगदी काकवीची बहीण, पण पोळीबरोबर खायच्या कामाची नाही! एक टन उसामागे साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते आणि तिच्यात पुष्कळ साखर अडकलेली असते.

ती साखर खायला येतात यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव. साखर खाऊन ते अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार करतात. खोटं वाटतं? मग एका बाटलीत कोमट पाणी, दोन चमचे साखर आणि चमचाभर बेकरीचं यीस्ट घाला, तोंडाला फुगा लावा. तासाभरात फुगा उभा राहील. (बाटलीला बूच लावायचं नाही आणि ते पाणी चाखायचं नाही. मोरीत ओतून द्यायचं!)

गंमत अशी, की अल्कोहोल दहा टक्क्यांच्या आसपास गेलं की यीस्ट स्वतःच मलूल होतं. मग ते पाणी उंच मनोऱ्यांत तापवतात. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० अंशांना, म्हणून अल्कोहोलची वाफ आधी वर जाते. तीच गार करून धरायची. औषधं, अत्तरं, रंग सगळ्यांना ते लागतं. २०२० साली कितीतरी साखर कारखान्यांनी सॅनिटायझर बनवलं, ते यातूनच.

आता एक भाकरीचा घास बराच वेळ चावून बघा. गोड लागतो ना? लाळेमुळे पिठाची साखर होते. तसंच काम कारखान्यात विकरं घालून करतात आणि मक्यापासून, तुकडा तांदळापासूनही अल्कोहोल काढतात. एक टन मक्यातून सुमारे ३८० लिटर!

पण थांबा. मळी तर उरलेलीच होती. मका कोण खातं? कोंबड्या. २०२३ साली पाऊस कमी पडला, तेव्हा डिसेंबरात सरकारनं उसाच्या थेट रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. कारखान्यांची मक्याची मागणी वाढली, भाव चढला आणि पोल्ट्रीवाले हवालदिल झाले. ऊसरसावरची बंधनं २०२४ मध्ये उठली, तरी आज आपलं निम्म्याहून जास्त इथेनॉल धान्याचंच असतं. जास्तीचं धान्य असेल तर ठीक. पण 'जास्तीचं' हे ठरवायचं कोणी? घरी आईबाबांशी यावर जरूर भांडा. मलाही अजून पक्कं उत्तर सापडलेलं नाही.

आणि हो, मळीच्या एक लिटर अल्कोहोलमागे दहा-बारा लिटर तपकिरी, उग्र वासाचं सांडपाणी निघतं. त्याला स्पेंटवॉश म्हणतात. तसंच नदीत सोडलं तर पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात. नीट प्रक्रिया केली तर त्यातून जळणाचा वायू मिळतो, खतही होतं. सहलीला कारखान्यात गेलात, की मनोरे पाहून झाल्यावर तिथल्या काकांना विचारा, "तुमचा स्पेंटवॉश कुठे जातो हो?"