संगणकाची मनोराज्ये

गणिताच्या तासाला एखादा विद्यार्थी खिडकीबाहेर टक लावून बसलेला दिसला, की आम्ही शिक्षक त्याला हटकतो. मनातले मांडे खाणे पुरे, असे सुनावतोही. ज्या गोष्टीसाठी आम्ही मुलांना रागावतो, तीच यंत्राकडून करवून घेण्यासाठी एका संशोधकाने वर्षानुवर्षे परिश्रम केले, हे वाचनात आले तेव्हा आम्ही काहीसे वरमलो.

१९८० च्या दशकात लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात एरिक म्यूलर यांनी मायकेल डायर यांच्यासमवेत 'डेड्रीमर' नावाची संगणकीय आज्ञावली सिद्ध केली. १९९० साली हे संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. या आज्ञावलीला काही इच्छा दिलेल्या होत्या आणि पूर्वानुभवांचा एक साठाही होता. इच्छा विफल झाली की तिच्या ठायी दुःखाची वा रागाची नोंद होई आणि त्या भावनेची तीव्रता अंकाने दर्शविली जाई. ही भावनाच पुढे मनोराज्याला चालना देई.

म्यूलर यांचे उदाहरण मोठे गमतीचे आहे. आज्ञावलीतील नायिका एका विख्यात चित्रपट-अभिनेत्याला सोबत येण्याविषयी विचारते. तो नकार देतो. मग ती कल्पना करू लागते. झाले ते बरेच झाले, तो 'हो' म्हणाला असता तर पुढे आपलीच नोकरी गेली असती, अशी एक समजूत. आपणच त्याच्याहून मोठी तारका झालो, तो आपल्याकडे आला आणि आपण त्याला झिडकारले, हा मनातल्या मनात घेतलेला सूड. मनोराज्य साधले की दुःखाचा अंक उतरतो. (कोल्ह्याला द्राक्षे आंबट, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे, परंतु ते यंत्राला पायरीपायरीने समजावून सांगणे सोपे नव्हे.)

या खटाटोपाचा उपयोग काय? मनोराज्यात वास्तवाची बंधने सैल होतात. एरवी न सुचणारा मार्ग तेथे सुचतो, स्मृतीत राहतो आणि प्रसंगी कामी येतो. पुढच्या प्रसंगाची तालीमही तेथेच होते. मनोराज्य म्हणजे निव्वळ कालापव्यय नव्हे, हे म्यूलर यांचे प्रतिपादन आम्हांस पटते. मात्र अंक उतरला म्हणजे यंत्राचे दुःख हलके झाले, असे आम्ही म्हणणार नाही. तेथे नोंद बदलते. दुःख भोगणारे कोणी नसते.

वसतिगृहात नव्याने आलेल्या पाचवीच्या एका मुलाला आम्ही असेच हटकले होते. पुष्कळ वेळाने तो बोलला. गावाकडे कोणी त्याचा अपमान केला होता आणि दिवाळीच्या सुट्टीत त्या माणसाला काय उत्तर द्यावयाचे, ते तो मनात जुळवीत होता. त्याची तीन उत्तरे तयार होती. पहिली दोन आम्ही येथे देत नाही; तिसरे उत्तर त्याच्याकडून वहीत लिहून घेतले.