गिझर गॅसचा घ्यावा की विजेचा?

थंडी आली की वस्तीतल्या घराघरांत हा प्रश्न निघतो. आम्ही म्हणतो, किंमत नंतर विचारा, आधी आपली मोरी पाहा.

गॅसचा गिझर सेलवर पेटतो, वीज गेली तरी चालतो. पण जळताना तो खोलीतला प्राणवायू ओढतो. बंद मोरीत प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना वास, ना रंग. अंघोळीला गेलेले माणूस आतच बेशुद्ध पडते. म्हणून तो मोरीबाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा.

विजेचा 3 किलोवॅटचा इन्स्टंट गिझर 20 मिनिटांत 1 युनिट घेतो. त्याला 16 अँपिअरचा प्लग, जाड वायर आणि अर्थिंग हवेच.

बाहेर जागा नसेल तर विजेचाच घ्या. वायरिंगला चार पैसे जातील, पण जिवाचा घोर राहणार नाही.