पांढरी वायर

सकाळी सातला गॅरेजच्या दारात घोड्यांचा ट्रेलर उभा दिसला, की आमचा म्हातारा मालक कॉफीचा दुसरा मग भरून घेतो. आज जेवणाची सुट्टी गेली, हे त्याला तिथेच कळतं. सॅन अँटोनिओजवळच्या या गॅरेजात मी पिकअप ट्रकांची वायरिंग बघतो, आणि दारात येणारं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: ‘ट्रकचा ब्रेक कंट्रोलर गेलाय.’

गेलेला क्वचितच असतो.

हा कंट्रोलर म्हणजे डॅशबोर्डमधला छोटासा तुकडा. ब्रेकचा जोर, म्हणजे गेन, कमीजास्त करायची दोन बटणं आणि नुसत्या ट्रेलरचे ब्रेक लावायची एक सरकपट्टी. फोर्डने २००५च्या सुपर ड्यूटीत तो कारखान्यातूनच बसवून द्यायला सुरुवात केली. त्याआधी बाहेरून डबा विकत आणून गुडघ्यापाशी स्क्रूने ठोकायचा, असा प्रकार होता. पेडल दाबलं की निळ्या वायरीतून करंट मागे जातो. ट्रेलरच्या प्रत्येक ड्रममध्ये एक विद्युतचुंबक असतो. तो फिरत्या ड्रमला चिकटतो, त्याच्याबरोबर ओढला जातो, दांडी फिरते आणि शू पसरतात. एका चुंबकाला साधारण ३ अँपियर लागतात, म्हणजे दोन एक्सलच्या ट्रेलरला १२. पांढऱ्या वायरीने हा सगळा करंट परत ट्रककडे यायचा. गिऱ्हाईक निळीबद्दल विचारतं, पांढरीबद्दल कुणी विचारत नाही.

त्या दिवशीचा घोडेवाला तीन ठिकाणी फिरून आला होता. एकाने नवा कंट्रोलर बसवून भलंमोठं बिल हातात ठेवलं होतं. ट्रेलर विकणारा म्हणे ट्रक बघा, ट्रकवाला म्हणे ट्रेलर बघा. पडद्यावर मात्र ‘ट्रेलर जोडलेला नाही’ हा संदेश यायचा, जायचा, परत यायचा.

मी ट्रेलरची स्वतःची बॅटरी सोडवली, प्लग ट्रकला लावला आणि जंक्शन बॉक्समध्ये काळी-पांढरीवर मल्टिमीटर धरला. काळीतून ट्रकच्या बॅटरीचा करंट येतो. १२.४ व्होल्ट. ‘वायर ठणठणीत आहे,’ मी ऐटीत जाहीर केलं.

म्हाताऱ्याने खिशातून हेडलाइटचा जुना बल्ब काढला, त्याला दोन वायरी जोडलेल्या. त्याच दोन टोकांना लावला. बल्ब उदबत्तीच्या टोकाएवढा लाल झाला, बस. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, तांब्याची एक तार शाबूत असली तरी तो खुशाल बारा दाखवतो. ओझं टाकलं की वायरीचं खरं रूप कळतं. प्लगपासून वीतभर अंतरावर पांढरीचं आवरण चिरलं, तर आत हिरवी भुकटी. तांबं असं नव्हतंच.

‘पण गेल्या महिन्यापर्यंत ब्रेक लागत होते की!’ घोडेवाला म्हणाला.

म्हाताऱ्याने ट्रेलर अडकवायच्या हिचच्या गोळ्यावर बोट फिरवलं. बोट काळंभोर. ‘हे ग्रीस कधी लावलंस?’

गेल्याच महिन्यात. गोळा घासूनपुसून, चांगलं थापून. पांढरी कधीच मेली होती, आणि अर्थिंग त्या गंजक्या गोळ्यातून, लोखंडाला लोखंड घासून, कसंबसं चाललं होतं. मधे ग्रीसचा थर आला आणि तेही डळमळलं. माणसाने आयुष्यात एकदा वेळेवर देखभाल केली, आणि तीच नडली. नवी वायर ओढली, चाकाशी कान लावला, त्याला पट्टी सरकवायला सांगितली. आतून गुंऽऽ असा बारीक आवाज आला. चुंबक बोलायला लागला होता.

(सरकपट्टीच का? काही ट्रक उभे असताना नुसत्या पेडलवर मागे पूर्ण करंट सोडतच नाहीत. अंगणात पेडल दाबून ‘शून्य दाखवतो’ म्हणणारे महिन्याला दोघे-तिघे तरी येतात.)

दुसरी एक आजीबाईंची कॅम्पर होती. तिचा दोष फक्त रेल्वे फाटकावर यायचा. आम्ही दोन दिवस प्लग चाटत बसलो. शेवटी एक्सलच्या नळीतून वायर बाहेर ओढली तेव्हा मधोमध अर्धा इंच तांबं लखलखीत घासलेलं. धक्का बसला की ते नळीला टेकायचं आणि शॉर्ट. आता तसली वायर मी एक्सलच्या बाहेरूनच बांधतो. आमच्या सांगलीकडे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ट्रॅक्टरमागे बहुधा ब्रेकविनाच धावतात, तेव्हा हा आजार आमच्या गावी कुणाला ठाऊक असायचं कारण नाही.

माझा स्वतःचा पराक्रमही सांगतो. ट्रेलर ट्रकपासून सुटलाच तर एक पिन उपसली जाते आणि ट्रेलरवरची बॅटरी सगळे ब्रेक आवळते. नवा असताना ती तपासायला मी पिन उपसणार होतो, प्लग ट्रकला लावलेला तसाच. म्हणजे बारा व्होल्ट निळीतून उलटे थेट कंट्रोलरच्या तोंडात. एखादा कंट्रोलर खरोखर जातो तो असा.

म्हातारा ओरडला नाही. लंगडत आला, प्लग काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ‘आता ओढ.’