पायाने वाजणारा जुना ऑर्गन : शोध, ओळख आणि आस्वाद

प्रस्तावना :
जुनी नाट्यगृहे, संगीत विद्यालये, महाविद्यालये व चर्च यांच्या अडगळीत कधीकधी एक वाद्य आढळते. ते लाकडी कपाटासारखे दिसते आणि त्याच्या तळाशी पायाने दाबावयाच्या दोन फळ्या असतात. डेडस्टॉक नोंदवहीत त्याची नोंद 'नादुरुस्त पेटी' किंवा नुसती 'लाकडी फर्निचर' अशी झालेली असली, तर निर्लेखनाच्या वेळी ते भंगारात जाण्याचा धोका असतो. वस्तुतः हा ऑर्गन मराठी संगीत रंगभूमीच्या नादविश्वाचा एक महत्त्वाचा घटक होता. असे वाद्य कसे ओळखावे आणि त्याचे मोल कशात आहे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

वाद्याची रचना :
हातपेटीप्रमाणेच ऑर्गनमध्येही हवेच्या प्रवाहाने पितळी रीड कंप पावते व स्वर निर्माण होतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसमध्ये अलेक्झांडर देबॅन याने हार्मोनियमला निश्चित रूप दिले. त्या वाद्यात भात्यातील हवा दाबाने रीडमधून बाहेर जाते. अमेरिकन ऑर्गनची रीत याच्या उलट आहे. फळ्या दाबल्या की भात्यातील हवा बाहेर काढली जाते आणि बाहेरची हवा रीडमधून आत ओढली जाते. या पद्धतीमुळे आणि रीडच्या विशिष्ट घडणीमुळे त्याचा नाद अधिक मृदू व गोलाईदार वाटतो. बोस्टन येथील मेसन अँड हॅमलिन (स्थापना १८५४) आणि ब्रॅटलबरो येथील एस्टी या अशा वाद्यांच्या प्रसिद्ध कंपन्या होत. एस्टीने १९६० मध्ये काम थांबविले, तोपर्यंत तिने पाच लाखांहून अधिक ऑर्गन तयार केले होते.

संगीत रंगभूमीशी नाते :
१८८० साली 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले तेव्हा साथीस सारंगी व तबला ही वाद्ये होती. पुढे पेटी आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत ऑर्गन यांनी आपले स्थान निर्माण केले. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीस तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे यांच्यासारखे वादक होते.

हातपेटीत एक हात भात्यात गुंततो. ऑर्गनमध्ये भाता पायाकडे गेल्याने दोन्ही हात मोकळे राहतात. उजव्या हाताने गायकाच्या पाठोपाठ जावे आणि डाव्या हाताने खालच्या सप्तकात आधाराचा स्वर धरून ठेवावा, अशी सोय त्यामुळे झाली. ध्वनिक्षेपक नसलेल्या नाट्यगृहात हा भरीव, अखंड नाद गायकनटाला मोठा आधार होता.

या वाद्याची मर्यादाही मान्य करावी लागते. त्याचे बारा स्वर ठरलेले असतात, त्यावर मींड निघत नाही आणि श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखविता येत नाहीत. याच स्वरूपाच्या आक्षेपांतून १९४० साली आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी घालण्यात आली, ती १९७१ मध्ये अंशतः शिथिल झाली. रंगभूमीवर मात्र सारंगीची मींड आणि ऑर्गनचा भराव परस्परपूरक ठरले.

जुने वाद्य पाहताना :
१) प्रथम मागची फळी काढून भाता पाहावा. फळ्या मारल्यावर राखीव भाता फुगत असेल, तर वाद्य दाबाच्या पद्धतीचे आहे. तो आत मिटत असेल, तर ते अमेरिकन पद्धतीचे समजावे.
२) आतील चिठ्ठी, क्रमांक, शिक्के व पेन्सिलीच्या खुणा यांची छायाचित्रे घ्यावीत. वाद्याचा काळ व पूर्वीची दुरुस्ती यांचे धागे तेथेच मिळतात.
३) पट्ट्या मोजाव्यात. अमेरिकन ऑर्गनमध्ये बहुधा ६१ पट्ट्या, म्हणजे पाच सप्तके असतात.
४) स्टॉपच्या संख्येवरून मोल ठरवू नये. काही स्टॉप त्याच रीड अर्धवट उघडतात. '८' हा अंक पट्टीच्या मूळ स्वराचा, '४' वरच्या सप्तकाचा व '१६' खालच्या सप्तकाचा निदर्शक असतो. 'व्हॉक्स ह्युमाना' हा स्टॉप ओढल्यावर हवेच्या जोराने एक पंखा फिरतो व नादात कंप येतो.
५) रीडची टोके वाकलेली दिसली तरी ती सरळ करू नयेत. हा वाकडेपणा अनेकदा कारागिराने नादासाठी हेतुतः दिलेला असतो. तो एकदा गेला की वाद्याचा मूळ आवाजही जातो.

मुका असलेला ऑर्गन निकामी असतोच असे नाही. पुष्कळदा भात्याचे कापड किंवा चामडे फाटलेले असते, अथवा रीडमध्ये धूळ अडकलेली असते. भात्याचे आवरण बदलता येते, परंतु हरवलेल्या मूळ रीडला तंतोतंत पर्याय मिळणे कठीण असते. म्हणून भाता फाटका पण रीड पूर्ण असलेले वाद्य हे नव्याने पॉलिश केलेल्या, पण रीड गेलेल्या वाद्यापेक्षा अधिक मोलाचे होय.

आस्वाद :
वाद्य चालू झाल्यावर एकच स्वर धरून पायाची गती हळूहळू वाढवावी. नाद कसा उमलतो व ओसरतो, ते ऐकावे. पायाच्या या दाबातून वादक स्वराला श्वास देतो. नाट्यपद ऐकताना गायक सम गाठून थांबल्यावर ऑर्गन ती पोकळी कशी भरून काढतो, याकडे लक्ष द्यावे.

समारोप :
बोलपट आल्यानंतर नाटक मंडळ्या ओसरल्या आणि पुढे इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी ऑर्गनची जागा घेतली. ध्वनिमुद्रिकांतून जुना नाद ऐकू येतो, परंतु तो कसा निर्माण होत होता हे प्रत्यक्ष वाद्यच शिकवू शकते. त्यामुळे निर्लेखन समितीवर काम करणाऱ्या प्राध्यापकांनी अशा 'लाकडी फर्निचर'वर स्वाक्षरी करण्यापूर्वी एकदा त्याची मागची फळी उघडून पाहावी. संगीत, मराठी, इतिहास व भौतिकशास्त्र या चारही विभागांना पुरेल इतकी अभ्यासाची सामग्री तेथे मिळू शकते.