सुरतेतील नवे प्रार्थनामंदिर : पायाभरणीआधीची तयारी

परप्रांतात गेलेल्या मराठी माणसाच्या पोटापाण्याची सोय लागली, की तो दोन गोष्टींच्या मागे लागतो. एक मंडळ आणि दुसरे देऊळ. सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेल्या आपल्या बांधवांनी हेच केले. दिवसा यंत्रमागावर राबणाऱ्या हातांनीच तेथे गणपतीचे मांडव घातले आणि हरिनामाचे सप्ताह चालविले. त्याच वस्त्यांतून काही मराठी ख्रिस्ती कुटुंबेही राहतात, याची जाणीव मात्र आपणांपैकी फार थोड्यांना असते. कोणी नवापूरकडून आलेले, कोणी धुळ्याचे, तर कोणी अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे. आपल्या भाषेत उपासना करणारी एक नवी मंडळी या शहरात उभी राहावी, ही इच्छा त्यांच्यापैकी काहींच्या बोलण्यात आम्हांस वारंवार आढळली. आम्ही त्या धर्माचे नव्हे. परंतु शाळामास्तराला गावाच्या इतिहासाचे वेड असते, आणि या प्रश्नावर सुरतेचा इतिहास पुष्कळ काही सांगू शकतो.

पहिला दाखला शिवकाळातला आहे. इ. स. 1664 च्या जानेवारीत महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा येथे कापुचिन पंथाच्या फ्रेंच पाद्र्यांचा एक मठ होता. फादर अँब्रोझ हे त्याचे प्रमुख होते. हे पाद्री सज्जन आहेत, म्हणून त्यांच्या घराला उपद्रव देऊ नये असे महाराजांनी बजावले, असा वृत्तांत फ्रेंच प्रवासी बर्निए याने लिहून ठेवला आहे. त्या धामधुमीत मठ वाचला तो तटबंदीमुळे नव्हे, सद्वर्तनाच्या लौकिकामुळे. नवे प्रार्थनामंदिर उभारू पाहणाऱ्याने विटांच्या आधी हा लौकिक जमवावयाचा असतो.

दुसरा दाखला भाषेचा. लंडन मिशनरी सोसायटीचे जेम्स स्किनर आणि विल्यम फायवी हे 1815 साली सुरतेस आले. ते प्रथम गुजराती शिकले. पुढे त्यांनी शाळा काढल्या, छापखाना घातला आणि बायबलचे गुजराती भाषांतर हाती घेतले. स्किनर 1821 मध्ये निवर्तले. फायवींनी काम सोडले नाही. 1841 साली आयर्लंडचे प्रेस्बिटेरियन मिशन गुजरातेत आले व काही वर्षांनी सुरतेचे कार्य त्याच्या हाती गेले. याच परंपरेतील जे. व्ही. एस. टेलर यांचे गुजराती व्याकरण त्या भाषेच्या अभ्यासकांना आजही ठाऊक आहे. ही मंडळी 1970 मध्ये नागपुरास स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली. आरंभीची मंडळी लहान होती खरी, परंतु ती लोकांच्या भाषेत बोलत होती. म्हणून ती टिकली.

याच्या उलट चित्रही याच शहरात पाहावयास मिळते. कलकत्त्याचे बिशप हेबर 1825 साली सुरतेस आले आणि त्यांनी इंग्रजांच्या येथील चर्चचे विधिपूर्वक समर्पण केले. वास्तू देखणी, पण ती कंपनीच्या अंमलदारांसाठी व सैनिकांसाठी होती. इंग्रजांच्या दफनभूमीतील ऑक्सेंडन बंधूंची भव्य कबर आजही प्रवासी पाहतात. आर्मेनियन व्यापाऱ्यांचीही दफनभूमी आहे; परंतु त्यांची गजबजलेली वस्ती केव्हाच नाहीशी झाली. जी उपासना पुढच्या पिढीच्या आणि शेजारच्या माणसाच्या जिभेवर येत नाही, तिचे शेवटी थडगेच उरते.

येथे एका मराठी माणसाची आठवण होणे अपरिहार्य आहे. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर त्या काळी सुरतेत अध्यापक होते. मिशनऱ्यांच्या प्रचाराने शहरात विचारांची मोठी घुसळण झाली होती. अशा वातावरणात 1844 साली दुर्गाराम मेहताजी, दादोबा आणि त्यांचे सहकारी यांनी मानवधर्म सभा स्थापन केली. या सभेने आपल्याच समाजातील जातिभेद, मूर्तिपूजा व भूतपिशाचांच्या समजुती यांवर जाहीर चर्चा आरंभिली. परधर्माच्या सान्निध्याने माणसे हातघाईवर न येता आत्मपरीक्षणास प्रवृत्त झाली, हे या शहराचे भूषण आहे.

तयारीचा चौथा धडा आपल्याच साहित्यातून घ्यावा लागतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी ओवी, अभंग आणि कीर्तन सोडले नाही. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. ख्रिस्ती उपासना या मातीत रुजावयाची तर तिला देशी वळण हवे आणि ती परक्या पैशावर अवलंबून नसावी, ही त्यांची धारणा होती. आज मराठी मंडळ्यांतून टिळकांची पदे गाइली जातात, त्यामागे हीच दृष्टी आहे.

आता प्रत्यक्ष अडचणींकडे वळू. पहिली अडचण कायद्याविषयीच्या गैरसमजाची. गुजरातेत 2003 चा धर्मस्वातंत्र्याचा कायदा आहे व 2021 साली त्यात दुरुस्त्या झाल्या. एखाद्याचे धर्मांतर करावयाचे तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. परंतु जे मुळातच ख्रिस्ती आहेत त्यांनी एकत्र बसून प्रार्थना करणे म्हणजे धर्मांतर नव्हे. हा भेद नव्या मंडळीने शेजाऱ्यांस आरंभीच, मोकळेपणाने सांगावा. दारे लावून केलेल्या प्रार्थनेपेक्षा उघड्या दाराची प्रार्थना अधिक सुरक्षित असते.

दुसरी अडचण खर्चाची. पाळकाचे वेतन, जागेचे भाडे आणि प्रेतसंस्कारासाठी दफनभूमीची सोय, या तिन्हींचा विचार इमारतीच्या आधी झाला पाहिजे. रोजंदारीवरच्या कुटुंबांच्या दानार्पणातून हे सारे भागवावयाचे तर हिशेबाची वही चोख हवी आणि ती सर्वांना दाखविता आली पाहिजे.

तिसरी अडचण सर्वांत नाजूक आहे, आणि ती त्यांच्याइतकीच आपलीही आहे. आजीला मराठी गीतावाचून उपासना झाल्यासारखी वाटत नाही. नातू गुजरातीत विचार करतो आणि मित्रांशी हिंदीत बोलतो. उपासना केवळ मराठीत ठेवली तर नातू बाहेर राहील. केवळ गुजरातीत केली तर आजी मुकी होईल. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालविते, म्हणून निदान अक्षरओळखीची सोय आहे. शब्बाथशाळेत मुलांना मराठी गीते अर्थासह शिकवावीत आणि प्रवचनाचा सारांश गुजरातीत सांगावा, असे आम्हांस सुचते. भजनी मंडळांनीही हाच उपाय करून पाहावा.

राहता राहिला आपला वाटा. नव्या मंडळीला आरंभी स्वतःची वास्तू नसते; रविवारी सकाळी दोन तासांपुरती एखादी खोली हवी असते. मराठी मंडळांची सभागृहे त्या वेळी बहुधा कुलुपबंदच असतात. अशी मंडळी उद्या आपल्या कार्यवाहांकडे रीतसर अर्ज घेऊन आली, तर त्यांना अन्य कोणत्याही मराठी संस्थेप्रमाणे, त्याच भाड्यात व त्याच नियमांनी जागा मिळावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. परप्रांतात आपण मराठी म्हणून एकत्र येतो, असे आपण प्रत्येक वार्षिक सभेत म्हणतो. त्या ‘आपण’मध्ये कोण कोण येते, याचा निर्णय त्या अर्जावर होईल.