टर्बोयुक्त मोटारीसाठी बदली हवामार्गाची निवड

टर्बोचार्जर बसविलेल्या मोटारीचा मूळ हवामार्ग काढून त्याच्या जागी बाजारात सुटा मिळणारा संच बसविण्याची हौस अलीकडे महाराष्ट्रातही रुजली आहे. छत्रपती संभाजीनगरात या विषयाला विशेष संदर्भ आहे. शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतीत २००१ साली स्कोडाचा कारखाना सुरू झाला आणि ऑक्टाव्हियासारख्या मोटारींची जुळणी येथे होऊ लागली. पुढे तिच्या १.८ लिटर टर्बो पेट्रोल आवृत्त्याही येथे जुळविल्या गेल्या. असा संच घेताना ग्राहकापुढे बहुधा एकच प्रश्न असतो: हवा अधिक मोकळेपणाने आत येईल काय? वस्तुतः प्रश्न तीन आहेत. हवा किती मोकळी येते, किती थंड येते आणि किती स्वच्छ येते. पहिल्या प्रश्नाचा बोलबाला सर्वांत अधिक. परंतु इंजिनाची शक्ती व त्याचे आयुष्य ही मुख्यतः उरलेल्या दोहोंवर अवलंबून असतात. असे का, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

टर्बोचार्जरची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ साली पेटंटरूपाने मांडली. इंजिनातून वाया जाणाऱ्या उष्ण वायूंनी एक टरबाइन फिरवावयाचे, त्याच दांड्यावरील संपीडकाने बाहेरची हवा दाबावयाची आणि ती इंजिनात ढकलावयाची, हे त्याचे सार. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या पर्वतावर विमानाचे इंजिन या साधनाने चालवून दाखविले. विरळ हवेची उणीव संपीडकाने भरून काढता येते, हे त्या प्रयोगाने सिद्ध झाले. प्रवासी मोटारींत हे साधन १९६२ साली अमेरिकेत प्रथम विक्रीस आले.

विरळ हवेचा प्रश्न पर्वतशिखरापुरता मर्यादित नाही. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६८ मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा प्रमाण दाब सुमारे ९४.७ किलोपास्कल भरतो. समुद्रसपाटीवर तो १०१.३ असतो. वैशाखात पारा ४० अंश सेल्सिअसवर गेला म्हणजे कोरड्या हवेची घनता घनमीटरास सुमारे १.०५ किलोग्रॅम उरते. समुद्रसपाटीवरील १५ अंशांच्या हवेची घनता १.२२५ आहे, हे लक्षात घेता ही घट १४ टक्क्यांची होते. साध्या इंजिनाची शक्ती जवळजवळ त्याच प्रमाणात उतरते. टर्बोयुक्त इंजिनात मात्र नियंत्रक यंत्रणा संपीडकास अधिक वेगाने फिरवून ठरलेला दाब राखते. अर्थात ही भरपाई फुकट होत नाही. संपीडकातून बाहेर पडणाऱ्या हवेचा दाब १९० किलोपास्कल हवा असेल, तर समुद्रसपाटीवर दाबाचे गुणोत्तर १.८८ पुरते, येथे ते २.०१ लागते. जितके गुणोत्तर अधिक, तितकी हवा अधिक तापते आणि संपीडकाची राखीव क्षमता तितकी घटते.

हवामार्गातील अडथळ्याचा परिणामही याच स्वरूपाचा असतो. गाळणी, नळी आणि वळणे यांत मिळून ३ किलोपास्कल दाब खर्च होतो असे मानले, तर संपीडकाच्या मुखाशी ९१.७ किलोपास्कल उरतात आणि गुणोत्तर २.०७ होते. नियंत्रक तेही साधून घेतो. म्हणूनच टर्बोयुक्त मोटारीत अडथळा कमी केल्याने होणारा शक्तिलाभ अपेक्षेपेक्षा थोडा असतो. गाडी अधिक जोमदार झाल्याचा जो भास होतो, त्याचा बराचसा भाग आवाजाचा असतो. मूळ पेटीतील आवाज शोषणारी रचना निघून गेलेली असते.

आता तापमानाचा हिशेब पाहावा. संपीडकाची कार्यक्षमता ७० टक्के आणि बाहेरची हवा ४० अंशांची धरली, तर ३ किलोपास्कल अडथळ्याच्या मूळ हवामार्गातून गेलेली हवा संपीडकाबाहेर सुमारे १४४ अंशांवर पोचते. बदली संचाने अडथळा निम्म्यावर आणला आणि हवा पूर्वीप्रमाणेच बाहेरून घेतली, तर हे तापमान १४१ अंश होते. परंतु संच जर उघड्या शंकूच्या आकाराचा असेल आणि बॉनेटखालची १५ अंशांनी अधिक उष्ण हवा ओढत असेल, तर अडथळा तेवढाच कमी होऊनही तापमान १६१ अंशांवर जाते. आंतरशीतकाने, म्हणजे व्यवहारातील इंटरकूलरने, यातील ७० टक्के अतिरिक्त उष्णता काढून घेतली असे धरल्यास इंजिनात शिरणारी हवा तीन प्रकारांत अनुक्रमे ७१, ७० आणि ७६ अंशांची राहते. मोकळेपणाने मिळविलेला १ अंश एकीकडे आणि उष्ण हवेने गमावलेले ५ अंश दुसरीकडे, असा हा व्यवहार आहे.

या ५ अंशांचे महत्त्व केवळ घनतेपुरते नाही. उष्ण मिश्रण वेळेआधी पेटून इंजिनात ठोका उत्पन्न होण्याचा संभव वाढतो. तो टाळण्यासाठी नियंत्रक प्रज्वलन उशिरा घडवितो व शक्ती उतरते. जालना रस्त्यावरील सिग्नलपाशी भर दुपारी थांबत-थांबत चालणाऱ्या मोटारीत हा दोष सर्वाधिक जाणवेल. मोकळ्या महामार्गावर वेगाने जाताना तो पुष्कळ कमी होईल. मूळ पेटीची नळी बहुधा रेडिएटरच्या पुढून हवा घेते, म्हणजे ती मुळातच थंड हवेची व्यवस्था असते, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते.

तिसरा प्रश्न धुळीचा. दख्खनच्या बेसाल्टातील फेल्डस्पार व पायरॉक्झीन या खनिजांची कठिणता मोहस मापावर ६ च्या आसपास असते. त्याच खडकाच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या क्वार्ट्झची ७. संपीडकाचे चक्र ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते तो याहून पुष्कळच मऊ असतो, आणि लहान टर्बोचार्जरमध्ये हे चक्र मिनिटास दोन लाखांहून अधिक फेरे घेऊ शकते. त्या वेगाला आदळणारा कण पात्याची कड झिजवितो. त्यातून निसटलेले बारीक कण दट्ट्याच्या कड्या आणि सिलिंडरची भिंत यांमधील वंगणाच्या पातळ थरात शिरतात व दोन्हींना घासतात. ही झीज ऐकू येत नाही. तेल जळू लागते आणि दाब उतरतो, तेव्हा ती कळते.

म्हणून गाळणीची कार्यक्षमता वाचताना उलट बाजूने वाचावी. एक गाळणी ९९ टक्के धूळ अडविते आणि दुसरी ९७ टक्के, असे म्हटल्यास फरक दोन टक्क्यांचा वाटतो. परंतु १०० ग्रॅम धूळ आली असता पहिलीतून १ ग्रॅम पार होते व दुसरीतून ३ ग्रॅम. इंजिनाच्या दृष्टीने धूळ तिप्पट झाली. गाळण्यांच्या परीक्षणासाठी आयएसओ ५०११ ही आंतरराष्ट्रीय पद्धती आहे. तीत कार्यक्षमता, अडथळा आणि धूळ सामावण्याची क्षमता हे तिन्ही गुण मोजतात. ज्या संचाबरोबर या तिन्हींचे आकडे आणि वापरलेल्या परीक्षणधुळीचा प्रकार दिलेला नाही, त्याविषयी सावध असावे. केवळ हवेचा प्रवाह किती टक्क्यांनी वाढला हे सांगणारा आकडा अपुरा आहे, कारण गाळणी अजिबात काढून टाकली तर तो सर्वांत मोठा येईल!

तेल लावलेल्या सुती जाळीच्या गाळण्या धुऊन पुनःपुन्हा वापरता येतात, हा त्यांचा गुण. मात्र तेल प्रमाणाबाहेर लागल्यास ते हवेबरोबर पुढे जाते. ज्या इंजिनात हवेचे वस्तुमान मोजणारा तप्त पटलाचा संवेदक असतो, तेथे त्यावर थर बसून मापन बिघडू शकते. अशा संवेदकाच्या जागी नळीचा व्यास बदलणेही धोक्याचे, कारण त्याचे मापन मूळ व्यासाला अनुसरून ठरविलेले असते. थंड हवेच्या मोहाने मुख बंपरच्या तळाशी नेणारे संच पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावर पाणी ओढू शकतात. पाणी दबत नसल्यामुळे ते सिलिंडरात शिरल्यास दट्ट्याचा दांडा वाकतो. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरफारांवर मर्यादा घातलेल्या आहेत, आणि विमा व हमी यांच्या अटीही खरेदीपूर्वी पाहणे अगत्याचे आहे.

निवड करण्यापूर्वी दोन साधी मापने घ्यावीत. गाळणीच्या पुढे, टर्बोचार्जरच्या मुखाजवळ, पाण्याची यू-आकाराची दाबनळी जोडून पूर्ण भारावर अडथळा मोजावा. १ किलोपास्कल म्हणजे सुमारे १०२ मिलिमीटर पाणी. त्याच ठिकाणी तापमापक बसवून बाहेरच्या हवेशी तुलना करावी. हीच मापने मूळ प्रतीची नवी गाळणी घालून पुन्हा घ्यावीत. अडथळा एवढ्यानेच उतरला, तर दोष हवामार्गाचा नसून साचलेल्या धुळीचा होता, आणि उपाय अल्प खर्चात झाला. इंजिनाची शक्ती अन्य फेरफारांनी वाढविली असेल, तर मात्र विचार बदलतो. अडथळा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; प्रवाह ३० टक्क्यांनी वाढला की तो सुमारे १.७ पट होतो. अशा मोटारीस मोठ्या गाळणीची खरोखर आवश्यकता असू शकते.

तात्पर्य, मूळ शक्तीच्या मोटारीस मूळ पेटी व वेळेवर बदललेली कागदी गाळणी हीच या प्रदेशात बहुधा योग्य निवड ठरेल. बदली संच घ्यावयाचाच झाल्यास तो बंद पेटीचा, रेडिएटरच्या पुढून व पुरेशा उंचीवरून हवा घेणारा, मूळ व्यास राखणारा आणि परीक्षणाचे आकडे देणारा असावा. गाळणीचे पृष्ठफळ जितके मोठे, तितका अडथळा स्वच्छतेचा बळी न देता कमी करता येतो. मोकळेपणा छिद्रे मोठी करून मिळविला आहे की पृष्ठफळ वाढवून, हे पाहणे हीच या निवडीतील मुख्य कसोटी होय.