घरात शेवटी कोण जेवतं?



वस्तीत आरोग्याची बैठक घेताना आम्ही बायांना एक प्रश्न हमखास विचारतो, "तुमच्या घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं?" उत्तर ठरलेलं असतं. आधी मुलं आणि पुरुष, मग म्हातारी माणसं, आणि सगळ्यांचं आटोपल्यावर भांड्यात उरेल ते आई नाहीतर सून खाते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. पाळीतला रक्तस्राव, पाठोपाठची बाळंतपणं, जंत अशी त्याची कारणं अनेक आहेत. पण शेवटी जेवणारीच्या वाट्याला डाळ, पालेभाजी, अंडं, मटण फारसं उरत नाही, हेही एक कारण आहेच. म्हणून आमचं सांगणं असं की, दिवसातलं निदान एक जेवण सगळ्या घरानं एकत्र बसून करावं आणि पहिला घास घेण्याआधी प्रत्येकानं एका माणसाचे आभार मानावेत.

"आभार" म्हटलं की आपल्यातल्या काहींच्या कपाळाला आठी पडते, आणि ते साहजिक आहे. आपल्या आजा-पणज्यांनी गावकीची कामं केली, तरी भाकरी दारोदार मागून आणावी लागे. शिळा तुकडा मिळाला तरी वाकून जोहार घालावा लागे. भाकरी त्यांच्या कष्टाची होती, पण दिली जायची उपकार म्हणून. ती लाचारी होती. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी शिळे तुकडे मागणं आणि मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडायला सांगितलं, ते याचसाठी.

कृतज्ञता वेगळी. तिच्यात कुणी वर नसतो, कुणी खाली नसतो. दुसऱ्याचे कष्ट ओळखायचे आणि तसं बोलून दाखवायचं, एवढंच. महामंगलसुत्तात कृतज्ञतेला मंगल म्हटलं आहे. सिगालोवाद सुत्तात पत्नीचा मान राखणं हे पतीचं, तर कामकऱ्याला अन्न आणि वेतन देणं हे मालकाचं कर्तव्य सांगितलं आहे. म्हणजे धम्मात आदर एकतर्फी नाही.

याचा तब्येतीलाही उपयोग होतो. मन शांत असताना पचन नीट चालतं. रागात, घाईत ते बिघडतं. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात. बोलत, सावकाश जेवणारा माणूस त्यामुळे गरजेपुरतंच खातो. साखर आणि वजन वाढलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं. अमेरिकेतल्या रॉबर्ट इमन्स आणि मायकेल मॅककलो या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली दाखवलं की, कटकटींची नोंद करणाऱ्यांपेक्षा चांगल्या गोष्टींची नोंद करणाऱ्यांना आपल्या आयुष्याबद्दल अधिक बरं वाटतं.

घरी असं करून पाहा :

१. कामाच्या पाळ्यांमुळे रोज जमत नसेल, तर आठवड्यातले दोन-तीन दिवस ठरवा.

२. भाकरी-भाजी सगळं मध्ये मांडा. स्वयंपाक करणारीचं ताट सगळ्यांबरोबर वाढा. तिला मध्येच उठवू नका.

३. टीव्ही बंद करा, मोबाइल लांब ठेवा.

४. आभार नेमके माना. "आईचे आभार" एवढ्यावर थांबू नका. "आईनं पहाटे पाणी भरलं म्हणून मला वेळेवर शाळेत जाता आलं," असं म्हणा. शेतमजूर, भाजीवाली, सफाई कामगार यांचीही आठवण काढा.

५. मुलांवर सक्ती नको. एखाद्याला गप्प बसावंसं वाटलं तर बसू द्या. मार्क, उसनवारी, भांडणं हे विषय ताटावर काढू नका.

६. आभार मानले की हातभारही लावा. पोरगा असो वा बाप, भांडी घासायला उठावं.

जाता जाता आणखी एक : जेवणात लिंबू पिळा आणि जेवल्यावर तासभर चहा टाळा. अन्नातलं लोह अंगी लागतं. थकवा, धाप, चक्कर असेल तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि सांगितलेल्या गोळ्या पूर्ण घ्या.

मात्र ज्या घरात मारहाण होते, तिथं बाईनं आभार मानून सोसत राहावं, असं आम्ही कधीच सांगणार नाही. तिनं १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करावा. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, झोप-भूक उडाली असेल, तर डॉक्टरांना भेटावं किंवा टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावं. तो आजार आहे, त्याला उपचारच लागतात.

बाकीच्यांनी आज रात्रीपासूनच सुरुवात करा. जी रोज शेवटी जेवते, तिचं ताट आज सर्वांत आधी वाढा.